नावाडीण परत येते का?

नाही नाही, पुस्तक बदलायला नाही आलो मी, तुम्ही उठू नका — बसा ताई, बसा. मीही बसतो. ही खुर्ची चालेल ना? डुगडुगतेय जरा. असू दे. मला एकच विचारायचंय — ही बघा — ही किल्ली कुठली? घ्या ना हातात, चावत नाही. ओळखलीत? नाही? बघा, लगेच नाही म्हणालात. ज्याला खरंच माहीत नसतं ना, तो आधी किल्ली उलटसुलट करून बघतो, उजेडात धरतो, मग नाही म्हणतो. तुम्ही नुसती नजर टाकलीत आणि नाही! माझं निम्मं आयुष्य लोकांच्या हातात किल्ल्या ठेवण्यात गेलंय, मला हात कळतात. ते चौकातलं कुलूपकिल्लीचं दुकान माझं — बाहेर पत्र्याची भली मोठी किल्ली टांगलेली आहे बघा, वारा आला की कुरकुरते, शेजारचा चष्मेवाला रोज शिव्या घालतो — ते. आणि माझी बायको तुमच्याकडे सभासद आहे. उंच, बोलता बोलता चष्मा डोक्यावर सरकवते आणि मग घरभर चष्मा शोधत फिरते. आली डोळ्यांसमोर? येणारच. या वाचनालयात तिच्याइतकी पुस्तकं कोण नेत असेल?

तर ही किल्ली हिच्या जुडग्यातली. म्हणजे हीच नाही — तिची मूळ किल्ली तिच्याकडेच आहे, मी कशाला काढून घेऊ, चोर आहे का मी? ही आंघोळीला गेली होती, जुडगा टेबलावर पडला होता, सहज हातात घेतला. घराची किल्ली माझ्या हातची. कपाटाची माझ्या हातची. गच्चीची, टपालपेटीची, सगळ्या माझ्या हातच्या, आणि त्यांच्यात ही एक परकी! स्वयंपाक्याच्या घरात बाहेरून डबा यावा ना ताई, तसं झालं मला. चटकन साबणाच्या वडीत दाबली, ठसा घेतला, मूळ किल्ली पुसून होती तिथं ठेवली. दुसऱ्या दिवशी ही म्हणते, या साबणाला दात कुठून आले हो? मी म्हटलं उंदीर असेल. ती म्हणाली, उंदीर साबण खातात? मी म्हटलं, आमच्या दुकानातले खातात. आणि मी दुकानात जाऊन कापली — आमच्यात एक किल्ली कापत नाहीत, जोडीच कापतात, एक हरवते म्हणून, हातच तसा वळलाय — कापली आणि बघत बसलो. मूळ किल्ली कुणी बनवली तेही कळलं मला. दात कापल्यावर कडेला धातूची बारीक कूस राहते, ती कानशीनं मारायची असते. ती ज्यानं मारली नाही तो म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा दुसरा किल्लीवाला, तो टोपीवाला. आता मला सांगा, कुलूपवाल्याची बायको किल्ली करून घ्यायला टोपीवाल्याकडे का जाते? मी बसलोय ना चौकात! मला कळू नये म्हणूनच ना?

पाणी नको. नाही, खरंच नको.

मग मी फिरलो ही किल्ली घेऊन. हसू नका. मेहुणीच्या दाराला लावून बघितली. वाकलो होतो, तेवढ्यात मागून मेहुणी पिशव्या घेऊन आली, म्हणाली, भावोजी, दाराला बेल आहे. आता तिला काय सांगणार? म्हटलं, तुमचं कुलूप तपासतोय, चोऱ्या वाढल्यात. तिनं चहा दिला आणि रात्री हिला फोन करून सगळं सांगितलं असणार, बहिणी-बहिणी त्या. मग शिवणाच्या वर्गाचं दार बघितलं. गल्लीच्या टोकाला ती भाड्यानं द्यायची खोली आहे, तिचंही बघितलं. कुठंच लागत नाही. आणि दुपारी जेवायला घरी जावं तर जेवण झाकून ठेवलेलं, गरम असतं, तिथं काही कमी नाही — पण ही नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणते बाजारात गेले होते. पिशवी रिकामी! बाजारातून रिकामी पिशवी घेऊन कोण येतं? मी नाही बोललो काही. मी बोलत नाही, मी बघतो. आणि बघून बघून मला जे कळलंय ते तुम्हाला सरळच सांगतो, तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून सांगतो — ती जाणार आहे. घर सोडून. कुठंतरी खोली घेतलीय तिनं, तिची ही किल्ली आहे. आमची मुलगी वसतिगृहात गेली, घर रिकामं झालं, आणि आता ही जाणार.

तुम्हाला का सांगतोय? कारण हे तुमच्यापासून सुरू झालं ताई. रागावू नका. तुमच्यापासून म्हणजे तुमच्या त्या बायकांपासून. कुठल्या काय! पुस्तकातल्या. पहिले वाचनालयवाले होते ना, म्हातारे, तोपर्यंत सगळं ठीक होतं. ही महिन्याकाठी एखादं पुस्तक आणायची, उशाशी ठेवायची, त्याच्यावर झोपायची. मग तुम्ही आलात. लांब शिकून आलात, तिकडंच राहायचं सोडून इथं परत आलात — का आलात ते मी विचारत नाही, लोक विचारतात, मी विचारत नाही — आणि दाराशी ती वेगळी मांडणी केलीत, 'जिची गोष्ट आहे ती' असली पाटी लावून. सगळी बायकांची पुस्तकं. म्हणजे बायकांनी वाचायची नाहीत हो, बाईच नायक असलेली. आणि प्रत्येक पुस्तक देताना तुमचं ते चालू — हिला भेटा, ही बघा कशी आहे. जसं काही शेजारीण राहायला आलीय. मला कसं माहीत? ही घरी येऊन तुमची नक्कल करायची. छान करते.

तर पहिली घरी आली ती चोरटी. हो, तीच, किल्लेदाराच्या तिजोऱ्या फोडणारी. मी म्हटलं हे काय, माझ्या घरात, कुलूपवाल्याच्या घरात चोरटीचं पुस्तक? ही म्हणाली, वाचून तर बघा. मी म्हटलं, मला वेळ नाही. मग ही झोपल्यावर वाचलं. आधी सांगतो, त्यात चुका आहेत. केसांच्या आकड्यानं ती लेव्हरचं कुलूप उघडते. उघडत नाही हो! तुम्ही त्या लिहिणाऱ्यांना कुणीतरी कळवा, आकडा वाकतो, बाकी काही होत नाही. एका ठिकाणी तर कुलूप उघडताना ती गाणं गुणगुणते. कुलूप उघडताना श्वास पण धरतात, गुणगुणते कुठली! पण ताई, तरीसुद्धा — शिपाई जिन्यावरून वर येत होते ना, तेव्हा मी मनात म्हणत होतो, पळ. पळ गं बाई, खिडकीतून जा. मी! जो रोज लोकांना सांगतो की चांगलं कुलूप घ्या. असं काय होतं तिच्यात? मी विचार केला त्यावर. दिसायला सुंदर म्हणावं तर ती कशी दिसते ते पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही, फक्त हातावर भाजल्याचा डाग आहे एवढंच. चांगली म्हणावं तर सख्ख्या मामालाही फसवते. मग? मग असं आहे की तिला ते हवं असतं. त्या तिजोरीत काय आहे ते तिला बघायचंच असतं. सोनं नको असतं तिला, बघायचं असतं. आणि तिला इतकं हवं असतं, इतकं हवं असतं की वाचणाऱ्यालाही ते हवंसं वाटायला लागतं. घातक गोष्ट आहे ही. तुम्हाला कळतं का किती घातक आहे? तुम्ही अशी पुस्तकं दाराशी मांडून ठेवता.

मग ती कोर्टातली टंकलेखिका. ती सबंध पुस्तकभर हो म्हणते. साहेबाला हो, आईला हो, भावाला हो, चहा आणा हो, पुन्हा टाईप करा हो. मला ती आवडायला लागली होती, म्हटलं चला, ही तरी शहाणी आहे. आणि मग ती खोटी साक्ष टाईप करायला देतात तिला, आणि ती मशीनवरचे हात उचलून मांडीवर ठेवते. बास. बोलत पण नाही. नुसते हात उचलते! आणि माझ्या अंगावर काटा आला हो, ही झोपलेली, मी दिव्याला कापड लावून वाचत बसलेलो आणि अंगावर काटा. तेव्हा मला पहिला संशय आला. म्हटलं, आपलीही कितीतरी वर्षं हो म्हणतेय. कपाट इथं ठेवू? हो. गावाला नको जायला? हो. पुढच्या वर्षी बघू? हो. म्हणजे हीसुद्धा काहीतरी साठवतेय का? दुसऱ्या दिवसापासून मी हिच्या हातांकडे बघायला लागलो. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना. हात उचलून मांडीवर ठेवते का बघत. ती म्हणाली, काय झालंय तुम्हाला? मी म्हटलं, कुठं काय!

आणि तिसरी ती म्हातारी सुईण. जाडी, भांडखोर, तोंडात दात नाहीत, आणि उठता बसता खोटं बोलते. अशी कुठं नायिका असते का? पण हिचं हसू थांबेना. भिंतीला टेकून हसायची ही, डोळ्यांतून पाणी यायचं. मी कधी हसवलं नाही तिला इतकं. सगळ्या गावाला वाटतं सुईण कडक आहे, आणि ती प्रत्येक घाबरलेल्या पोरीला सांगते, मला पण असंच झालं होतं, काही होत नाही — आणि शेवटी कळतं की तिला स्वतःला मूलच झालेलं नाही, सगळं थापा! ते वाचून मी… जाऊ दे. डोळ्यांत लोखंडाचा कण गेला होता त्या दिवशी दुकानात.

मी काय गप्प बसलो नाही. मीही इथं येऊन गेलोय, तुम्ही नव्हता, तुमच्या जागी कुणीतरी होतं, आणि माझ्या पसंतीची नायिका घेऊन गेलो हिच्यासाठी. कंबरेपर्यंत केस, आवाज मधुर, कुणी काही बोललं तरी खाली मान, नवरा वर्षानुवर्षं परगावी आणि ही दिवा लावून बसलेली. म्हटलं, बघ, अशी पण असते. हिनं घेतलं, वाचायला बसली, अर्ध्यात मिटवलं. मी विचारलं, का? तर म्हणते — हिला भूक लागत नाही का? मी म्हटलं म्हणजे? म्हणाली, इतकी पानं झाली, ही सगळ्यांना वाढते, सगळ्यांची वाट बघते, पण ही एकदाही जेवत नाही. ही बाई नाही, हे दिव्याचं स्टँड आहे. मला राग आला. पण मग मी बसून तपासलं ताई. खरंच जेवत नाही! मी शेवटपर्यंत शोधलं, एकदा दूध पिते, तेही आजारी असते म्हणून. आणि तुमच्या त्या सगळ्या — चोरटी भिंतीवर बसून चोरलेले पेरू खाते, टंकलेखिका डबा उघडते आणि आईनं पुन्हा तेच दिलंय म्हणून वैतागते, सुईण तर काय, बाळ हातात आणि तोंडात घास. तेव्हा मला कळलं, ही काय बघते ते. कळलं म्हणजे आवडलं असं नाही. कळलं एवढंच.

आता माझी पद्धत सांगतो. मी आधी शेवटचं पान वाचतो. धंद्याची सवय आहे, कुठल्याही दाराशी गेलं की आधी ते उघडं आहे का बंद ते बघायचं, मग बाकीचं. तर शेवटचं पान वाचायचं, ही बाई शेवटी घरात आहे का बाहेर गेली ते बघायचं, आणि बाहेर गेली असेल तर हिला आधीच सावध करायचं. हो, मग? सांगायचो. चहा पिता पिता सांगायचो, ती तुझी चोरटी ना, जहाजात बसून जाते हं शेवटी, उगीच जीव लावू नकोस. काळजीपोटी सांगायचो. आधी हसायची. मग कानावर हात ठेवायला लागली. टंकलेखिकेच्या वेळी तिचं थोडंच राहिलं होतं, आणि मी म्हटलं, ती साक्ष टाईप करत नाही ती, नोकरी सोडते, जिन्यावर संपतं. तर हिनं पुस्तक मिटलं. खूण पण नाही घातली. बरं, म्हणाली, आणि आत गेली. त्या रात्री घरात भांडं वाजलं नाही. आता यात मी काय वाकडं केलं? आणि समोर बसून विचारायचो पण, उगीच नाही, आस्थेनं — कुठपर्यंत आलीस, ही का आवडली, तिच्यात असं काय आहे, आत्ता का हसलीस, आत्ता का थांबलीस. माणसानं आपल्या बायकोला विचारू नये का?

आणि मग एक दिवस पुस्तकं बंद. आणणंच बंद झालं. उशाशी काही नाही, टेबलावर काही नाही. मला वाटलं, चला, संपलं हे खूळ. आठवडाभर बरं वाटलं. मग जुडग्यात ही किल्ली सापडली.

आणि खरं सांगू का — नाही, हे खरं तर त्यातलं नाही, पण विचारतो — शेवटचं जे पुस्तक घरी होतं ते नावाडिणीचं. ते गेलं ना परत, माझं अर्धंच झालं होतं. त्या वेळी मी शेवटचं पान आधी बघितलं नव्हतं. का म्हणजे? नाही बघितलं. बघवलं नाही, बास. तुमच्या लक्षात आहे ना ती? बापाची नाव चालवते, पाय चिखलानं फाटलेले, पावसाळ्यात नाव उलटते तेव्हा बोकडाला आधी वाचवते आणि सावकाराला मागून, असली. अख्ख्या गावाला या तीरावरून त्या तीरावर सोडलं तिनं, आणि स्वतः कधी पलीकडं उतरली नाही, नाव लावायची आणि वळवायची. नवरा या काठावर जाळी विणतो. वाईट नाही हो तो! लोकांना वाटेल नवरा म्हणजे राक्षस असणार. साधा आहे. फक्त तिला कधी विचारत नाही की पलीकडं काय आहे. आणि एक दिवस ती सगळ्यांना उतरवते, नाव खुंटाला बांधते — बांधते ताई, नुसती टेकवत नाही, गाठ मारते — आणि चढण चढून वर जाते. तिथं मी होतो. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत गेलं.

मला आता रात्री झोप लागत नाही. तो जाळीवाला संध्याकाळी काठावर येऊन उभा राहतो का? हाक मारतो का? त्याला पोहता येतं का, काही लिहिलंय का पुढं? आणि ती कशी दिसते तेही सांगितलेलं नाही हो, त्या लिहिणारीनं मुद्दाम सांगितलेलं नाही, आणि मग माणूस काय करतो, जो चेहरा हाताशी असतो तो लावतो. चोरटीला पण तोच लावला मी, टंकलेखिकेला तोच. त्या बिनदातांच्या सुइणीला सुद्धा, म्हातारपणीचा. चष्मा डोक्यावर सरकवलेला — नावेत कुठला चष्मा, पण माझ्या नावाडिणीला आहे. ती चढण चढते तेव्हा मला तिची पाठ दिसते, आणि ती पाठ मला माहीत आहे, उजवा खांदा जरा खाली असतो, लग्नात पहिल्यांदा बघितला तेव्हापासून खाली आहे…

काय बोलतोय मी! तुम्ही पण गप्प बसून बोलू देता माणसाला. हे बरोबर नाही. शिकवलं का तिकडं हे?

पण ताई, एक विचारू? तुम्ही गेला होतात ना लांब? आणि परत आलात. कुणी हाक मारली होती का? का आपणहून? म्हणजे जाणारी प्रत्येक जण जातेच असं नाही ना. काही येतात. तुम्ही तर समोर बसलाय माझ्या, हा तर पुरावाच झाला.

हो, निघतोच आहे. निघतो. तुम्ही सारख्या तिकडं का बघताय पण? मघापासून बघतोय मी. ती आतली खोली कसली? रद्दीची? जुनी मासिकं. बरं. मासिकं कोण चोरतंय की दाराला लॅच बसवलाय? आणि नवाच आहे, स्क्रू अजून चकाकतायत. तिरका बसवलाय बघा. पट्टी दाराच्या कडेला समांतर नको? हे काम टोपीवाल्याचं. बसा, बसा, मी नुसतं बघतो, जात्याच आहे मला ते, वैद्याला नाडी दिसावी तसं. भोकाभोवती ओरखडे आहेत. म्हणजे किल्ली अडकते, माणूस रोज उभा राहून हलवत बसतो. रोज येतं इथं कुणीतरी.

ताई.

ही किल्ली लावतो मी. लागली तर लागली. नाही, तुम्ही मधे येऊ नका, मोडणार नाही काही. गेली. बघा, लोण्यातून गेल्यासारखी आत गेली. आता नुसता अर्धा फेरा. माझ्या हातची आहे ना, अडकणार नाही, आवाज सुद्धा —

श्श्.

ऐकलंत? आत. पान उलटलं कुणीतरी. झटका देऊन. असं पान एकच माणूस उलटतं, जसं काही पानानं तिला वाटेत अडवलंय… किती वेळ आहे ती आत? मी आलो तेव्हा होती? म्हणजे मेहुणीची बेल — साबण — सुइणीचं ते — खांद्याचं पण? हळू बोलतो मी, तुम्ही पण हळू बोला. किती जाड आहे हो हे दार? प्लायवूड! प्लायवूडच्या दाराला एवढा लॅच! विकेल तो टोपीवाला काहीही.

काय आहे आत? टेबल. आणि? खुर्ची. आणि खिडकी, बरं. पलंग-बिलंग? पेटी? कपडे? काहीच नाही. मग करते काय ती इथं? नुसती वाचते? दुपारभर? एवढ्यासाठी किल्ली, एवढ्यासाठी टोपीवाला, एवढ्यासाठी रिकामी पिशवी? वाचायचंच आहे तर घरी का नाही —

हं.

नाही, नाही, हाक मारू नका तिला. काढतो मी. बघा, फिरवली नाही, तशीच काढली. तुम्ही साक्षीला आहात, फिरवली नाही. आणि पान थांबलंय बघा. कधीचं थांबलंय. ती पण ऐकतेय.

ही तिला द्या. आत्ता नाही, मी गेल्यावर. म्हणावं, तुझ्या किल्लीची कूस मारलेली नाही, म्हणून अडकते, बोट पण कापेल एखाद्या दिवशी. ही वापर. हिच्या कडा घासून घेतल्यात, सहज फिरेल. कुणी कापली ते सांगायची गरज नाही, ती हातात घेतल्यावर ओळखेल. ठेवा इथं, शाईच्या डबीजवळ. झालं.

काय? हात पुढं का केलात? दिली ना.

दुसरी? कसली दुसरी?

मी म्हटलं होतं का जोडीच कापतात? बोललो होय. आलो आलो तेव्हाच बोललो. तुम्हाला शाळेत पहिला नंबर देत असतील, विसरत काही नाही. ती दुकानात आहे. नाही, खरंच, ड्रॉवरमध्ये — असं बघू नका ताई. बरं. थांबा. या खिशात नाही… ही घ्या. आता माझ्याकडे नाही. ठसा पण नाही, साबण संपला तो.

आणि ती नावाडीण. परत येते का ती? एवढं एकच सांगा. नको! नको नको, सांगू नका. ते पुस्तक आहे का मांडणीत? ज्याच्या हातात आहे त्याचं होऊ दे. मग माझ्या नावावर ठेवा. मी दुकानात वाचीन, घरी नाही नेणार. घाई नाही म्हणावं. सावकाश वाच म्हणावं, मी काही विचारणार नाही.

उलटलं. ऐकलंत? उलटलं पान.

येतो मी. दुकानाला कुलूप न लावताच आलोय.